शिसपेन्सिलीतले पंच

आमच्या जिल्ह्यात पोरं पळतात ती स्वतःच्या पायांवर, पण त्यांचा निकाल लागतो तो शिक्षकांच्या रिकाम्या तासांवर. तालुक्याच्या मैदानी स्पर्धा आल्या की मुख्याध्यापक वेळापत्रक काढतात आणि त्या दिवशी ज्याचे तास कमी, त्याला पंच करतात. मी राहुरी तालुक्यातल्या एका गावात भूगोल शिकवते. त्या वर्षी माझे दोन तास मोकळे निघाले आणि एवढ्या पात्रतेवर मी पंच झाले. तोवर माझा पळण्याशी संबंध एसटी चुकू नये म्हणून स्टँडपर्यंत मारलेल्या धावेपुरताच होता.

अशा आम्हा मोकळ्या तासवाल्यांमधून पंच घडवायचं काम एका निवृत्त क्रीडाशिक्षकांनी अंगावर घेतलं होतं. ते त्यांना कुणी दिलं नव्हतं. श्रीरामपूरकडच्या कुठल्याशा शाळेतून ते निवृत्त झाले, निरोपाचा हार गळ्यातून काढला आणि त्या जागी शिट्टी अडकवली, ती कायमची. शिट्टीला दोरी म्हणून बुटाची काळी नाडी. डोक्यावर पांढरी हॅट, जी एके काळी पांढरी होती असं त्यांच्या सांगण्यावरून मानायचं. आवाज असा, की मैदानाच्या दुसऱ्या टोकाला त्यांनी हळूच सांगितलेली गोष्ट या टोकाला ऐकू यायची.

ते कुणालाही नावानं हाक मारत नसत. शिबिरात आलेल्या माणसाचं नाव विचारण्याऐवजी ते विषय विचारत आणि तोच त्याला चिकटवत. त्यामुळे मी पहिल्या दिवसापासून भूगोलबाई. माझ्यासोबत आमच्याच शाळेचे चित्रकलेचे शिक्षक आले होते, ते चित्रकलासर. एका शाळेनं कुणीच मिळेना म्हणून कारकुनाला पाठवलं होतं, त्याला ते "कार्यालय" म्हणत. "ओ कार्यालय, घड्याळ बंद करायचं असतं, दाबून धरायचं नसतं." मैदानावर कार्यालय ओरडा खातंय हे बघून आम्हा शिक्षकांना फार बरं वाटायचं.

वेळेचं त्यांना वेड होतं, आणि ते मैदानापुरतं असतं तर कुणाची हरकत नव्हती. त्यांच्या खिशात स्टॉपवॉच कायम असे. एसटी किती उशिरा आली हे ते कंडक्टरला सेकंदांसह सांगत, जणू त्यावर कंडक्टर काही करणार होता. आमच्या एका शिक्षिकेच्या लग्नात भटजींनी "सावधान" म्हणायच्या आधीच अक्षता पडल्या, तेव्हा हे माझ्या मागून म्हणाले, "फॉल्स स्टार्ट." एवढ्यावर थांबते तर गंमत म्हणून खपून गेलं असतं. जेवणाच्या पंगतीत त्यांनी नवऱ्या मुलाच्या मामाला गाठून ते पुन्हा समजावून सांगितलं. त्या घरचं आमंत्रण त्यांना पुन्हा आलं नाही आणि ते का आलं नाही हे त्यांना कधी कळलं नाही.

शिबिरात पहिला धडा रेषेचा. जमिनीवर फक्कीची पांढरी रेघ मारायची आणि तिच्याकडे बघत उभं राहायचं. पळणाऱ्याकडे बघायचं नाही, रेघेकडे बघायचं. "छाती," ते ओरडायचे. "डोकं नाही, हात नाही, पाय नाही. रेघेवर ज्याची छाती आधी, तो आधी." अर्धा अर्धा तास आम्ही त्या रेघेकडे बघत असू. सरावाला शिबिरात मुलं कुठून आणायची? मग संध्याकाळी शाळेच्या मागच्या फाटकातून वस्तीवरच्या शेळ्या घरी परतत, त्यांच्यावर आमचा सराव सुरू झाला. फाटकात फक्कीची रेघ, दोन्ही बाजूंना आम्ही वह्या घेऊन, आणि पहिली कोण, दुसरी कोण, तिसरी कोण, हे लिहायचं. उंटावरून शेळ्या हाकणारे शिक्षण खात्यात पुष्कळ पाहिले होते, शेळ्यांचे निकाल लावणारे हे पहिलेच.

शेळीवाल्या मावशी दोन दिवस आमच्याकडे बघत होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांना राहवलं नाही. चित्रकलासरांच्या वहीत डोकावून त्या म्हणाल्या, "ही कबरी तिसरी न्हाई वो, चौथी हाय. तिसरी ती लंगडी. तुमी लिवलंच न्हाई तिला."

शिबिर घेणाऱ्या सरांनी आम्हा सगळ्यांच्या वह्या तपासल्या. लंगडी एकाच्याही वहीत नव्हती. "मावशी, तुम्हाला कसं कळलं?" त्यांनी विचारलं.

"रोजची जनावरं हायती. मला न्हाई कळनार तर कोनाला?"

त्यावर हा गृहस्थ आमच्याकडे वळून गंभीरपणे म्हणाला, की तालुक्यात शेवटच्या रेषेवर उभं करण्याच्या लायकीचं एकच माणूस आज मला सापडलं आणि ते शिक्षक नाही. एवढंच नाही, त्यांनी मावशींना स्पर्धेला बोलावलंसुद्धा. मावशींनी शेळ्या कोण बघणार असं विचारलं आणि तो विषय तिथं मिटला. आमची मात्र वर्षभर शाळेत शोभा झाली.

मी त्यांची नक्कल करायचे. स्टाफरूममध्ये हॅटऐवजी टोपलं डोक्यावर धरून "छाती, छाती" असं ओरडले की सगळे हसून लोळायचे, आणि चित्रकलासर तेवढे खाली बघायचे. सर मला आवडत नव्हते. खरं सांगायचं तर मला त्यांची भीती वाटायची, आणि त्यांनी आपल्याला बरं म्हणावं असंही फार वाटायचं. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी वाटत असल्या की माणूस नक्कल चांगली करतो.

क्रॉस कंट्रीच्या बाबतीत त्यांचा पहिला नियम भाकरीचा होता. त्यालाही कारण घडलं होतं. मुळेच्या कालव्याच्या कडेनं, उसाच्या शेतांमधून शर्यतीचा रस्ता आखला होता आणि प्रत्येक वळणावर एक पंच उभा केला होता. त्याचं काम एकच, हात लांब करून दिशा दाखवायची. कार्यालयाला भूक लागली. मुलं यायला अवकाश आहे म्हणून ते जवळच्या वस्तीवर जेवायला गेलं, आणि मुलं आली तेव्हा वळणावर हात नव्हता. समोर उसाच्या ट्रॅक्टरांचा रस्ता दिसला, मुलांनी तो धरला. अर्धी शर्यत साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर ट्रॉल्यांच्या रांगेत जाऊन उभी राहिली. त्यातल्या काहींना तिथं ऊस खायला मिळाला आणि ती परत यायला तयार नव्हती.

आम्हाला वाटलं, आता कार्यालयाचं काही खरं नाही. पण सर म्हणाले, "उपाशी पंच निकाल खातो. चूक माझी." दुसऱ्या वर्षापासून शर्यतीच्या आधी ते स्वतः जुन्या स्कूटरवर प्रत्येक वळणावर जाऊन पंचाला पिठलं-भाकरी आणि ठेचा देत. तो ठेचा इतका तिखट असे, की पुढचा तासभर कुणाला झोप येण्याचा प्रश्नच नव्हता. पंचाला कुणी दमदाटी केली तर हे मध्ये येऊन उभे राहत. एकदा एका गावच्या सरपंचांनी चित्रकलासरांची कॉलर धरली, तेव्हा यांनी त्यांचा हात बाजूला करून सांगितलं, "पंचाशी बोलायचं नाही. माझ्याशी बोला, आणि लेखी बोला." सरपंच लेखी म्हटल्यावर गार पडले. ते गेल्यावर चित्रकलासरांना मात्र त्यांनी झाडाखाली नेऊन असं झापलं, की कॉलर परवडली असं त्यांना वाटलं असेल.

त्यांच्याजवळ एक लांबट वही होती. तिच्यात जिल्ह्यातल्या पंचांची नावं. शिबिर केलेल्याचं नाव ते शिसपेन्सिलीनं लिहीत. माणूस खरोखर पंच झाला असं त्यांना वाटलं की त्याच नावावर शाई फिरवत. शाईतली नावं दोन हातांच्या बोटांवर मोजण्याइतकी होती आणि त्यातलं पहिलं त्यांचं स्वतःचं. त्या शाईला सरकारदरबारी काडीची किंमत नव्हती. तरी तिसऱ्या वर्षापासून मला ती हवी होती. शाळेत टोपलं डोक्यावर घेऊन नाचणारी मी, शिबिरात त्यांच्या वहीकडे आशाळभूतपणे बघायचे.

आणि मी जवळपास पोचले होते. लांब पल्ल्याच्या शर्यतीत फेऱ्या मोजणं हे पंचांचं सगळ्यात रटाळ आणि सगळ्यात जोखमीचं काम. त्यासाठी सरांची पद्धत चिंचोक्यांची. मुलींची तीन हजार मीटरची शर्यत साडेसात फेऱ्यांची, म्हणजे पुढची मुलगी आपल्यासमोरून आठ वेळा जाते. डाव्या खिशात आठ चिंचोके ठेवायचे, ती गेली की एक उजव्या खिशात टाकायचा. डावीकडे एकच उरला की घंटा वाजवायची, म्हणजे शेवटची फेरी. मी पहिल्यांदा साडी नेसून गेले तेव्हा ते म्हणाले, "साडी प्रेक्षकांनी नेसावी. पंचाला दोन खिसे लागतात." मी मुद्दाम दोन्ही बाजूंना खिसे असलेला ड्रेस शिवून घेतला. शिंप्यानं विचारलं, बाई, एवढे खोल खिसे कशाला? मी सांगितलं, चिंचोके ठेवायला. त्यानं पुढं काही विचारलं नाही.

या मोजणीत ते आमची परीक्षा घेत. मुख्य पंच म्हणून उभे राहून मुद्दाम एक फेरी चुकवत आणि त्यांच्या शेजारचा सहायक टोकतो का ते बघत. न टोकणाऱ्याला दिवसभर उन्हात उभं करत. "मी चुकलो तर तिथल्या तिथं मोठ्यानं सांगायचं. माझा मान राखायचा नाही. मान मी घरी ठेवून येतो." एकदा मी टोकलं. "सर, एक कमी झाला तुमचा," असं भर मैदानात ओरडले. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "भूगोलबाई, जिल्ह्याला माझ्या शेजारी तुम्ही उभं राहायचं." नगरला जाईपर्यंत मी घरी, शाळेत, एसटीत, जो भेटेल त्याला हे सांगत होते. ते पार पडलं की शाई, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

सत्कारांचा त्यांना तिटकारा होता. आमच्याकडे उद्घाटन, समारोप, पाहुण्यांचं येणं, पाहुण्यांचं जाणं, कशालाही शाल आणि नारळ लागतो. सर स्टेजकडे फिरकतसुद्धा नसत. नाव पुकारलं की माइकवाल्याला लांबूनच नकाराचा हात दाखवत. आयोजक मनातल्या मनात चडफडत आणि नारळ पुढच्या माणसाला देत.

जिल्ह्याच्या स्पर्धेत मुलींची तीन हजार मीटर लागली. पहिल्या तीन मुली विभागाला जाणार होत्या. तिसगावच्या पलीकडच्या एका वस्तीवरची मुलगी पहिल्यापासून पुढे होती, तिच्या पायात मोजेही नव्हते. मुख्य पंच सर, शेजारी मी. चित्रकलासर घड्याळ घेऊन पलीकडे बसलेले, पुढची मुलगी दर वेळी कधी गेली ते लिहीत.

तीन फेऱ्या झाल्या असतील, तेवढ्यात प्रमुख पाहुणे आले. ते स्टेजकडे जायचे सोडून लवाजम्यासह थेट आमच्याकडे आले, कारण कुणीतरी त्यांच्या कानात सांगितलं होतं, की हे सर कधी सत्कार घेत नाहीत. पाहुण्यांना वाटलं, आपण त्यांच्या जागेवर जाऊन करू. माइकवरून सरांच्या वर्षानुवर्षांच्या निरपेक्ष सेवेची वाक्यं सुरू झाली. मला वाटलं, आता हे पाहुण्यांना रेघेबाहेर काढतील. पण माइकवर त्यांचं नाव पहिल्यांदाच पूर्ण, वडिलांच्या नावासकट घेतलं गेलं होतं. सरांनी हॅट काढली आणि शालीसाठी मान खाली घातली. हातात नारळ आला. फोटोवाला म्हणाला, इकडे बघा सर. ते इकडे बघत होते तेव्हा मुली समोरून गेल्या.

मी माझा चिंचोका सरकवला. सरांच्या दोन्ही हातांत नारळ होता.

पाहुणे गेले, सरांनी नारळ पायाशी ठेवला आणि मोजणी सुरू केली, एकानं मागे. मला ते दिसत होतं. मी टोकायला तोंड उघडलंही. पण त्यांच्या खांद्यावर ती शाल होती, चेहरा असा खुललेला मी कधी पाहिला नव्हता, आणि वहीतलं माझं नाव डोळ्यांसमोर होतं. आजच्या दिवशी यांना चारचौघांत चुकीचं ठरवलं तर शाई मिळेल का? शिबिरात मिळाली असती. इथं मला खात्री वाटेना. मी तोंड मिटलं.

सातव्या वेळी माझ्या डाव्या खिशात एकच उरला. घंटा वाजली नाही. तरी त्या मुलीनं वेग वाढवला, बाकीच्या मागे राहिल्या. आठव्या वेळी ती रेघ ओलांडून थांबली आणि नेमकी तेव्हाच सरांनी घंटा वाजवली.

"पळ, पळ, एक फेरी राहिली," ते ओरडले.

"झालं की सर," ती धापा टाकत म्हणाली. मागच्या मुली तिला ओलांडून पुढे गेल्या. त्या पळतायत हे बघून ती पुन्हा पळाली, पण पायात काही उरलं नव्हतं. ती चौथी आली. ती पळत असताना मी उजव्या खिशातला एक चिंचोका हळूच डावीकडे टाकला.

थोड्या वेळानं ती आमच्या टेबलाशी आली. तिचे शिक्षक तिच्या मागे उभे, बोलायला घाबरत होते. तीच बोलली. "सर, माजे आठ झाले व्हते. मी बोटं मिटून मोजते. पाच ह्या हाताची झाली, मंग तीन ह्या हाताची." तिनं आठ बोटं मिटून दाखवली.

सरांनी स्वतःचे खिसे टेबलावर रिकामे केले. तिच्या थांबण्यापर्यंत सात उजवे, एक डावा. "भूगोलबाई, तुमचे."

मी काढले. सात आणि एक. "सारखेच आहेत सर," मी म्हणाले. आवाज अगदी स्वच्छ आला. मुलगी आपल्या मिटलेल्या बोटांकडे बघत राहिली, जणू तीच फसवी निघाली होती.

सर कागदावर हरकत नामंजूर लिहिणार, एवढ्यात चित्रकलासर आपला तक्ता घेऊन आले. शेळ्यांमध्ये लंगडी विसरणारे चित्रकलासर. "सर, माझ्याकडे आठ वेळा लिहिल्यात. ती थांबली ती धरून. मी आपलं वर न बघता लिहीत गेलो."

सरांनी तक्ता वाचला. पहिली नोंद अर्ध्या फेरीची, पुढची सात अंतरं जवळपास सारखी, मध्ये कुठे जास्तीची नोंद असण्याला जागा नव्हती. ते बराच वेळ पायाशी पडलेल्या नारळाकडे बघत होते. मग त्यांनी माझ्या दोन ढिगांकडे बघितलं, आणि मला कळलं की त्यांना सगळं कळलं.

"नारळ माझ्या हातात होता," ते म्हणाले. "तुमच्या हातात काय होतं?"

मी चिंचोके गोळा करायला लागले.

ते स्वतः माइककडे गेले. मुख्य पंचानं फेऱ्या मोजण्यात चूक केली आहे, शर्यत एक फेरी आधीच संपली होती, तेव्हा रेघेवर जो क्रम होता तोच निकाल, आणि तिसगावकडची मुलगी पहिली, असं त्यांनी सांगितलं. सहायकाचा त्यांनी उल्लेख केला नाही. चारचौघांत ते पंचाला कधी उघडं पाडत नसत. मी झाडाखाली जाऊन उभी राहिले, ते येतील आणि झापतील म्हणून. इतक्या वर्षांत मला त्या झापण्याची कधी एवढी गरज वाटली नव्हती. ते आले नाहीत. शाल खुर्चीच्या पाठीवर टाकून, स्कूटर काढून ते निघून गेले.

त्यानंतर ते मैदानावर आले नाहीत. वही त्यांनी कार्यालयाकडे, म्हणजे आमच्या त्या कारकुनाकडे, पाठवून दिली. सर आता मुलाकडे पुण्याला असतात. मी ती वही उघडून पाहिली होती. पहिल्या पानावर स्वतःच्या शाईतल्या नावावर त्यांनी आडवी रेघ मारली होती. माझं नाव त्यांनी खोडलं नव्हतं. शिसपेन्सिलीनं होतं तसंच ठेवलं होतं. जिल्ह्याला यादी हवी होती, तेव्हा कार्यालयानं वहीतली न खोडलेली सगळी नावं संगणकावर टाइप केली, आणि टाइप केलेल्या यादीत शाई कोणती आणि शिसपेन्सिल कोणती हे कळत नाही. सेवाज्येष्ठतेनं दोन वर्षांत मी तालुक्याची मुख्य पंच झाले. आता शिबिर मीच घेते.

शिबिरात मी हा प्रसंग दरवर्षी सांगते, सांगावाच लागतो, कारण त्याच्याइतका चांगला धडा दुसरा नाही. शाल, नारळ, मुलीची आठ बोटं, सगळं रंगवून सांगते. नवे शिक्षक हसतात. शेवटी कुणीतरी विचारतंच, "मॅडम, तो खोटा सहायक कोण होता?"

"होता कुणीतरी," मी सांगते. "आता पंचगिरी करत नाही."

चित्रकलासर पहिल्याच रांगेत बसलेले असतात. ते वर बघत नाहीत, कागदावर काहीतरी लिहीत राहतात.